हात मागे

ता. ११ जून

चि. मास्तरीणबाईस आत्याचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर तू हो आत्या, हो आत्या करतेस आणि ठेवला की विसरतेस. कागदावरचं विसरता येत नाही, म्हणून हा खटाटोप. माझी शाळा सातवीत सुटली हे तुला ठाऊक आहे, तेव्हा चुका मोजत बसू नकोस.

कामाचं लिहिते. आमची भिंगरी पुढच्या महिन्यात पाच पूर्ण करील. नात म्हणून सांगत नाही, पण पोरगी तरतरीत आहे. सून सकाळीच औषधाच्या कारखान्यात डबे भरायला जाते, मुलगा ट्रक घेऊन गेला की बारा-पंधरा दिवस दिसत नाही. तेव्हा दिवसभर ती माझीच. माझ्या लॉन्ड्रीमागच्या गल्लीत सरकारी बालवाडी आहे, तिथे घातलीय. नवी बाई आलीय तिथे, स्वतःच पोरसवदा. पाटी नाही, फळा नाही, अक्षर नाही. नुसता खेळ.

परवा दुपारी आणायला गेले तर काय बघते? वर्गात या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोरी बांधलेली. त्यावर चिंध्या वाळत घातलेल्या. चार पोरं रांगेत उभी आणि आमची भिंगरी लाकडाचा ठोकळा घेऊन इस्त्री करतेय. बोट ओलं करून ठोकळा तापला का बघत होती, अगदी माझ्यासारखं. प्रत्येक चिंधीला खडूनं खूण केलेली, मी गिऱ्हाइकांच्या कपड्यांना शाईनं करते तशी. त्रिकोण टेकडीवरच्या आठ नंबर बंगल्याचा, दोन रेघा डॉक्टरांच्या. बाई टाळ्या वाजवत मलाच बोलवायला लागली, की आजी या, बघा किती हुशार आहे. माझं डोकंच फिरलं. लॉन्ड्रीत राहू नये म्हणून मी पोरीला तिकडे पाठवते, आणि हिनं तिकडेच लॉन्ड्री उघडून ठेवलीय!

तुला सांगायला हवं ते असं. टेकडीवरची मोठी शाळा दरवर्षी खालच्या वस्तीतली सहा पोरं बिनफी घेते. फेब्रुवारीत बोलावतात. एकदा आत गेलं की बारावीपर्यंत बघायला नको. वय एकाच वर्षी बसतं, पुन्हा संधी नाही. त्या सहांत भिंगरी बसलीच पाहिजे. वळण तर तिला आहेच. टेकडीवरच्या बंगल्यांत कपडे पोचवायला नेते तेव्हा दारात हात मागे बांधून उभी राहते. जागची हलत नाही, कशाला हात लावत नाही. तिच्या बापानं लहानपणी एका घरात काचेचा हत्ती फोडला, ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं. तेव्हापासूनचा माझा नियम आहे तो. आठ नंबरच्या मॅडमनी तर कौतुक केलं, की मुलगी किती शहाणी.

आता वळण आहे, अक्षर नाही. तूही सरकारी बालवाडीचीच बाई. तेव्हा तुमच्या त्या भाषेत हिच्या बाईला एक पत्र लिही, की दोऱ्या सोडा आणि पाट्या काढा. लगेच लिही.

लोभ कमी करू नकोस. मी ओरडते त्याकडे बघू नकोस.

तुझी आत्या


ता. २० जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चुका मोजल्या नाहीत. (अकरा होत्या.)

आत्या, रागावू नकोस, पण त्या बाईला मी पत्र लिहिणार असेन तर शाबासकीचं लिहीन. त्रिकोण म्हणजे आठ नंबर हे भिंगरीला कळलं ना? मग वाचायला लागली की ती. अक्षर म्हणजे तरी दुसरं काय, खूणच. एका चिंधीला दोन चिमटे म्हणजे चार चिंध्यांना किती, हे ती त्या खेळातच बोटांनी शिकेल. ते पाठ केलेल्या शंभरापेक्षा जास्त टिकतं. या वयात बोटांना मळायला, पिळायला, बांधायला लागतं. बोटं तयार नसताना पेन्सिल दिली की पोरं ती मुठीत आवळतात आणि रडतात. मी नऊ वर्षं बघतेय.

माझ्याही वर्गातल्या आया रोज पाटी कोरी का म्हणून विचारतात. एक भाजी विकते, एकीचा नवरा रात्रपाळीचा वॉचमन आहे. त्यांना समजावता समजावता माझा घसा बसतो. आता घरातलीच एक निघाली!

आणि एक सांग. आठ नंबरच्या मॅडमची मुलगी टेकडीवरच्या शाळेच्या लहान वर्गात जाते ना? तिच्या फ्रॉकवर माती, रंग, गोंद, म्हणून कुरकुरत कोण होतं? साबणात भिजवून, घासून हात सोलले, असं फोनवर म्हणालीस. ते लोक एवढी फी भरून पोरीला चिखलात खेळायला पाठवतात, आणि तुला तोच खेळ फुकट मिळतोय तर नको झालाय.

सुनेला आणि दादाला माझी आठवण सांग. भिंगरीला पापा. रागावलीस तरी लिहीत जा, तुझं रागाचं अक्षर जास्त सुवाच्य येतं.

तुझीच,
मास्तरीण


ता. २ जुलै

चि. मास्तरणीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा राग आला म्हणून, आणि एकदा राग गेला का बघायला. गेलेला नाही.

चिखलाचं म्हणालीस. अगं, तो चिखल मी धुते, मला शिकवतेस? आठ नंबरची पोर आठव्या वर्षापर्यंत वाचायला शिकली नाही तर तिची आई घरी मास्तर लावील. एक नाही जमला तर दुसरा लावील. ती पोर मागे पडूच शकत नाही, तिच्यामागे पोचलेली माणसं उभी आहेत. आमच्या पोरीच्या मागे कोण आहे? मी आणि इस्त्रीचं टेबल.

ती पोर लॉन्ड्री लॉन्ड्री खेळली तर घरचे फोटो काढतात. आमची खेळली तर लोक म्हणतात, बरं झालं, आत्तापासून तयारी. खेळ एकच, पण दोघींचा सारखा नाही. एवढं शिकलीस, तुला हे दिसत नाही?

तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. मी पहिलीत गेले तेव्हा मला पेन्सिल धरता येत नव्हती. घरी कोणी धरलीच नव्हती. मास्तरांनी मागच्या बाकावर बसवलं, तात्पुरतं म्हणाले. सात वर्षं मी त्याच बाकावर होते. तिथून फळ्यावरचं अर्धंच दिसायचं. मला कोणी मारलं नाही, हाकललं नाही, फक्त पुढे बोलावलं नाही. भिंगरीला मी मागच्या बाकावर बसू देणार नाही.

आता एक विचारते, सरळ उत्तर दे. तुझ्या लेकाला पण पाचवं लागलं. तो काय करतो दिवसभर? माती मळतो? दोऱ्या बांधतो? शपथेवर लिही. खोटं लिहिलंस तर मला अक्षरावरून कळतं.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, पण सध्या जरा वाळत घातलाय.

तुझी आत्या


ता. १४ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तीन दिवस कागद समोर घेऊन बसले. शपथ घातलीस म्हणून लिहिते.

एप्रिलपासून तो शिकवणीला जातो. रोज चार ते सहा. शंभरपर्यंत आकडे काढतो, तीन अक्षरी शब्द लिहितो. ह्यांच्या ऑफिसातल्या एकाचा मुलगा वर्तमानपत्र वाचतो म्हणे, त्यावरून सुरू झालं. पण ह्यांच्यावर ढकलत नाही. शिकवणी मीच शोधली. सकाळी मी माझ्या वर्गात वाळूचा ढीग करते, आयांना सांगते की घाई नको. संध्याकाळी त्याच हातात लेकाचं दप्तर धरून शिकवणीच्या फाटकात उभी असते. माझ्या वर्गातल्या आयांनी मला तिथे पाहू नये म्हणून पलीकडच्या रस्त्यानं जाते.

मी बालवाडीत जे सांगते ते खरं आहे, आत्या. मला अजूनही तसंच वाटतं. फक्त माझ्या मुलाच्या बाबतीत धीर झाला नाही. दुसऱ्यांच्या पोरांवर माझा विश्वास बसतो, आपल्यावर आलं की बसत नाही. तो झोपेत बोटं हलवतो, लिहिल्यासारखी.

हे वाचून तू आता जे करशील ते मला पटणार नाही, पण तुला अडवायला मला तोंड उरलेलं नाही.

वाळत घातलेला लोभ पाऊस यायच्या आत काढून घे.

तुझीच,
मास्तरीण


ता. ३० ऑगस्ट

चि. मास्तरणीस अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रानं डोळे उघडले. खरं लिहिलंस, बरं वाटलं. लाज वाटून घेऊ नकोस, आई म्हणून तू बरोबर केलंस. पण मग मीही मागे का राहू?

अकरा आया गोळा केल्या. सगळ्या माझ्या गिऱ्हाईक नाहीत, पण मला ओळखतात सगळ्या. सून म्हणत होती, की कारखान्यातून सुटी मिळणार नाही. मी म्हटलं, तू नकोसच येऊ, तुला बोलता येत नाही. बालवाडीत गेलो. बाईला स्पष्ट सांगितलं, की आमच्याकडे घालवायला वेळ नाही. खेळायला घरी रस्ता पडलाय. इथे अक्षर पाहिजे, नाहीतर आम्ही वर अर्ज करतो. बाईनं आधी पुष्कळ समजावलं, तुझेच सगळे शब्द. मग उठली. ठोकळे, बाहुल्या, दोरी, चिंध्या, सगळं लोखंडी कपाटात ठेवलं आणि आमच्यासमोर कुलूप लावलं. डोळे भरले होते तिचे. मला वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण नवीन माणसाला जरा वळवावं लागतं.

तेव्हापासून बघ. भिंगरी शंभरपर्यंत म्हणते, न अडखळता. स्वतःचं नाव काढते. संध्याकाळी लॉन्ड्रीत टेबलाखाली बसवते, दोन पानं झाल्याशिवाय उठायचं नाही. आधी पळून जायची, कपड्यांच्या गाठोड्यात लपायची, बाहेर काढताना माझी दमछाक व्हायची. आता नाही पळत. सांगितलं की बसते. गिऱ्हाइकं म्हणतात, पोर आहे की नाही घरात कळतच नाही.

फक्त एक, रात्री अंथरूण ओलं करायला लागलीय. मोठी होताना होतं असं.

तुझ्या लेकाला आशीर्वाद. त्याची शिकवणी बंद करू नकोस.

लोभ वाळला, घडी घालून ठेवलाय.

तुझी आत्या


ता. २८ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. पुढच्या महिन्यात भिंगरीला बोलावणं असेल म्हणून. ह्यांच्या ऑफिसातल्या एका बाईंची बहीण तसल्याच एका शाळेत शिकवते. ती म्हणाली, की ते या वयात काही लिहायला लावत नाहीत. खोलीत खेळणी ठेवतात आणि लांबून बघतात, मूल काय करतं.

तिथेही तसंच असेल असं नाही. पण आत्या, राहिलेले दिवस तिला जरा मोकळं सोड. गाठोड्यात लपू दे. एवढं माझं ऐक, बाकी काही म्हणत नाही.

तुझीच,
मास्तरीण


ता. १९ फेब्रुवारी

चि. मास्तरणीस आशीर्वाद.

तुझं पत्र वेळेत आलं होतं. मी वाचलं आणि म्हटलं, ही पुन्हा सुरू झाली. शाळा काय खेळ बघायला बोलावते का? पत्र घड्याळामागे ठेवून दिलं.

बोलावणं बारा तारखेला होतं. सुनेनं नवा फ्रॉक आणला होता, मी त्याला खळ देऊन असा कडक केला की उभा राहिला असता. निघताना पोरीला दहादा बजावलं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तिथलं सगळं महाग असतं. कशाला हात लावायचा नाही. तिनं मान हलवली.

शाळेत एका मोठ्या खोलीत पोरांना सोडलं. आम्हाला बाहेर बाकांवर बसवलं, मध्ये काच. आत माती होती, पाण्याचा टब होता, ठोकळे होते, आणि एक छोटं घर. त्या घरात लाकडाची इस्त्री होती गं. रंगवलेली, छोट्या हाताच्या मापाची. बाजूला दोरी आणि चिमटे. इतक्या मोठ्या शाळेनं ते विकत आणून ठेवलं होतं.

पोरं धावली. कुणी पाण्यात हात घातले, कुणी ठोकळे पाडले, एक तर मातीत बसलाच. आमची दारात उभी राहिली. हात मागे. बाहेर बसलेली एक बाई मला म्हणाली, की तुमची किती शांत आहे. मला अभिमान वाटला. तुला खोटं सांगणार नाही, वाटला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती त्या इस्त्रीकडे बघत होती. नुसती बघत होती, मान पण वळवत नव्हती. आतली बाई तिच्याजवळ जाऊन बसली, काहीतरी बोलली, इस्त्री तिच्यापुढे धरली. पोरीनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती विचारतेय बरोबर करतेय ना. मी मान हलवली, की हो, शाबास.

मग तिनं हात मागेच ठेवून एकापासून सुरुवात केली. कोणी विचारलं नव्हतं. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून मला कळत होतं. चाळीस, एकेचाळीस. सगळी पोरं खेळत होती आणि ही मध्ये उभी राहून शंभरपर्यंत गेली.

आज कागद आला. सून कामावर होती, मीच वाचला. मूल खेळात सहभागी होत नाही, असं लिहिलंय. जागा देता येत नाही. मी चप्पल घालून तशीच वर गेले. त्या बाईला सांगितलं, की अशी नाही हो ती, तिचं नाव भिंगरी आहे, ते मी ठेवलंय, एका जागी उभी राहायची नाही म्हणून. बाई चांगली होती. म्हणाली, तिनं पोरीला विचारलं होतं, इस्त्री का नाही घेत. तर पोरगी म्हणाली, की ती तुमची आहे, मळेल.

येताना उतारावर दोनदा बसले. गुडघ्यामुळे नाही.

सुनेला संध्याकाळी सांगितलं.  फ्रॉक काढून तिनं स्वतः धुतला, लॉन्ड्रीत दिला नाही.

तुझी आत्या


ता. २६ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुला काय लिहू? तुला दोष द्यायचा तर आधी मला द्यावा लागेल. एप्रिलमध्येच मी धीट झाले असते, तर शपथ घालून विचारलंस तेव्हा तुला वेगळं उत्तर मिळालं असतं.

लेकाची शिकवणी बंद केली, असं लिहायची फार इच्छा होती. केलेली नाही. काल फाटकापर्यंत जाऊन परत फिरले, त्याचा हात धरून बागेत नेलं. आज पुन्हा सोडून आले.

भिंगरीला सरकारी शाळेत घाल. तिथेही चांगली माणसं असतात, मीही सरकारीच बाई आहे ना. तिला जवळ घे. तू जेवतेस का?

तुझीच,
मास्तरीण


ता. ९ मार्च

चि. मास्तरणीस अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

जेवते. माझी चौकशी पुरे.

बालवाडीत गेले होते. बाईला म्हटलं, कपाट उघडा. मी बंद करायला लावलं, मीच सांगते उघडा. ती म्हणाली, आजी, आता नाही. वरचे साहेब येऊन गेले, वह्या बघून खूश झाले. बाकीच्या अकराही आया खूश आहेत. एका आजीसाठी पुन्हा तेच सुरू केलं तर त्या सगळ्या माझ्या दारात उभ्या राहतील, जशा तुम्ही राहिलात.  आयांकडे गेले, तर त्या मलाच समजवायला लागल्या. माझेच शब्द, मलाच ऐकवले. चुकीचे पण वाटेनात, ते जास्त वाईट.

मग चार दिवसांपूर्वी दुपारी लॉन्ड्री बंद ठेवली. पाटी लावली, की मशीन बिघडलंय. मागच्या अंगणात दोरी बांधली, खुर्चीपासून नळापर्यंत. परातीत पाणी घेतलं, आठ-दहा रुमाल टाकले, चिमट्यांचा डबा उपडा केला. भिंगरीला म्हटलं, खेळ. ती उभी राहिली. हात मागे. मी म्हटलं, सोड गं हात, काही मळत नाही, आपलंच आहे सगळं. सोडले. पण मग माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, की आजी, काय काय करू ते सांग.

मी खाली बसले, गुडघे नको म्हणत असताना. एक रुमाल पिळला, तिच्या अंगावर पाणी उडवलं. ती दचकली. मग थोडी हसली. मग तिनं एक रुमाल घेतला, पिळला, टाचा उंचावून दोरीवर घातला, दोन चिमटे लावले. दुसरा घातला. फार नीट घालत होती, कडेला कड जुळवून. मला वाटलं, जमलं. तिसऱ्या रुमालाला ती थांबली आणि मला विचारलं, की आजी, हे काम आहे का खेळ आहे?

मी अजून उत्तर दिलेलं नाही. ती रोज विचारते, तशी विसरायची नाही. तू बाई आहेस, नऊ वर्षं पोरं बघतेस, तेव्हा काय सांगू ते कळव. घाई नाही. पण या वेळी तुझ्या लेकालाही जे सांगशील, तेच लिही.

दोरी सोडलेली नाही. तुझा लोभही तसाच लावून ठेव.

तुझी आत्या